नीळकंठशास्त्री गोऱ्हे : काशीतील एका धर्मप्रचारकाची सेवा आणि श्रद्धा

काशीतील पारंपरिक पाठशाळांचा क्रम तिथीवर चालत असे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी गुरू नवा पाठ देत नसे. त्याच नगरात, सिग्रा भागातील ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीत, काळ वाराने मोजला जाई. सहा दिवस शाळा, अनाथगृह आणि बाजारातील प्रवचन, सातव्या दिवशी उपासना आणि विश्रांती, हा तेथील नेम होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दोन कालमाने एकमेकांच्या शेजारी नांदत होती. एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसाचे सारे जीवन नव्याने आखले जाई : कोणाबरोबर जेवायचे, कोणासमोर बोलायचे आणि कोणत्या भाषेत बोलायचे, हे सर्वच बदलत असे. ज्या तरुण मराठी शास्त्र्याने हा प्रवास वयाच्या तेविसाव्या वर्षी केला, ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे, अर्थात पुढील काळातील नेहेम्या गोऱ्हे, हे प्रस्तुत विवेचनाचे विषय आहेत.

गोऱ्ह्यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आले तरी ते बहुधा पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या संदर्भात येते. हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात ते आरंभीच्या गद्याच्या ओघात क्वचित आढळते, तर संस्कृत वाङ्मयाचे इतिहासकार एकोणिसाव्या शतकापर्यंत सहसा येऊन पोहोचत नाहीत. चार भाषांत लिहिणाऱ्या या लेखकाला कोणत्याच एका भाषेच्या इतिहासात पुरेशी जागा मिळालेली नाही. त्यांची सेवा, श्रद्धा आणि भाषा यांचा एकत्र विचार केला म्हणजे या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच वृत्ती होती असे दिसून येते. ती वृत्ती शास्त्रीय वादपरंपरेतून आलेली होती.

१

गोऱ्ह्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात झाशीजवळील काशीपुरा या गावी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. घराण्याचा पूर्वी बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी संबंध आलेला होता. पुढे कुटुंब काशीत स्थायिक झाले. काशीतील मराठी विद्वानांची परंपरा तोवर काही शतकांची झालेली होती. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यात सोळाव्या शतकात नारायणभट्ट झाले. त्याच घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला, तर गागाभट्टांनी १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. व्याकरणशास्त्रातील नागेशभट्टही याच मराठी काशीचे. पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या परिसरातील मराठी वस्तीत घरी मराठी, पाठशाळेत संस्कृत आणि रस्त्यावर हिंदुस्थानी, असा भाषाव्यवहार सहजपणे चालत असे. गोऱ्हे या त्रैभाषिक जीवनातच वाढले. व्याकरण आणि न्याय ही त्यांच्या अध्ययनाची शास्त्रे होती. घरची उपासना शैव असताना तारुण्यात त्यांचा ओढा विष्णुभक्तीकडे वळला होता. इष्टदैवताचाही निर्णय स्वतः विचार करून घ्यावा, ही वृत्ती त्यांच्यात धर्मांतराच्या आधीपासून होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याच सुमारास वादाला एक नवे निमित्त मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ख्रिस्ती मताचे मंडन आणि हिंदू मताचे खंडन संस्कृत पद्यात, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने करण्याचा हा प्रयत्न होता. त्याला संस्कृतातूनच तीन उत्तरे आली. पहिले १८३९ मध्ये ‘सोमनाथ’ या नावाने आले. हे सोमनाथ म्हणजे माळव्यातील सिहोर येथील मराठी पंडित सुबाजी बापू होत, असे आता मानले जाते. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. तिसरे आणि सर्वांत विस्तृत उत्तर म्हणजे गोऱ्ह्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तो १८४४-४५ मध्ये, म्हणजे लेखक अवघ्या विशीत असताना, रचला गेला. हा ग्रंथ मुद्रित रूपात अभ्यासकांपुढे येण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला, स. ल. कात्रे यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध झाली.

मुंबईतील समकालीन वादांशी याची तुलना उद्बोधक ठरते. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी जो वाद केला, तो मराठीत झाला आणि मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील वाचकांपुढे आला. काशीत मात्र वादाची मान्य भाषा संस्कृत हीच होती. त्यामुळे वादाचे नियमही शास्त्राचेच राहिले : प्रथम प्रतिपक्षाचे मत त्याच्याच युक्तिवादांसह मांडावे, मग त्याचे खंडन करावे आणि शेवटी सिद्धान्त सांगावा. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त गोऱ्ह्यांनी ख्रिस्ती मतावर घेतलेले आक्षेप याच शिस्तीतून आलेले आहेत. पूर्वजन्म नसेल तर निरपराध प्राण्यांच्या दुःखाची उपपत्ती कशी लावायची? मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापासाठी अनंत नरक देणारा ईश्वर न्यायी कसा? हे आक्षेप घेणाऱ्याने प्रतिपक्षाचा अभ्यास केलेला होता आणि त्याच्या कमकुवत जागा नेमक्या हेरल्या होत्या.

२

प्रतिपक्ष नीट मांडायचा तर त्याला ऐकावे लागते. गोऱ्ह्यांच्या जीवनाला वळण मिळाले ते येथे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे काशीत अनेक वर्षे काम करीत होते. त्यांचे मत खोडून काढावे या हेतूने तरुण नीळकंठ त्यांच्याकडे जाऊ लागले. या भेटी दीर्घकाळ चालल्या. स्मिथ यांनी पुढे १८५० मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या धर्मांतराची कथा सांगितली आणि त्या पुस्तकाला ‘द्विज’ हे नाव दिले. संस्कारांनी दुसऱ्यांदा जन्मलेला आणि बाप्तिस्म्याने पुन्हा जन्मलेला, असा दुहेरी अर्थ त्या नावात अभिप्रेत असावा. पुस्तक अर्थातच मिशनरी गुरूच्या दृष्टीने लिहिलेले आहे. शिष्याच्या मनात काय चालले होते ते समजण्यासाठी त्याच्या स्वतःच्या ग्रंथांकडेच वळावे लागते.

घरचा विरोध तीव्र होता. काशीत उघडपणे दीक्षा घेणे अवघड असल्याने १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून सुमारे साठ किलोमीटरवरील जौनपूर येथे गोऱ्ह्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांना नेहेम्या हे नाव मिळाले. जुन्या करारातील नेहेम्या हा यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा उभारणारा पुरुष होय. ज्याने स्वधर्माच्या रक्षणासाठी लेखणी उचलली होती, त्यालाच हे नाव मिळाले.

पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ येऊन राहिल्या आणि त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सप्टेंबर १८५३ मध्ये काशीत त्यांना मुलगी झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात लक्ष्मीबाईंचे निधन झाले. तान्ह्या मुलीला एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळले. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाची वाताहत झाल्यावर एका मिशनरी कुटुंबाने तिला आपलेसे करून इंग्लंडला नेले. हीच मुलगी एलेन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ख्यात झाली. तिचा ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’ हा संग्रह १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. काशीत जन्मलेल्या मराठी पित्याच्या या मुलीची काव्यभाषा इंग्रजी झाली, ती आवडीने निवडलेली नव्हती. श्रद्धेचे मूल्य या कुटुंबाने कोणत्या स्वरूपात दिले, याची ही एक खूण आहे. ती पुढे भारतात परतली आणि तिनेही आयुष्य सेवेत घालवले. १९३७ मध्ये कानपूर येथे तिचा अंत झाला.

३

धर्मांतरानंतर गोऱ्हे काशीतच मिशनच्या कामात सहभागी झाले. तेथील कामाचा साप्ताहिक क्रम ठरलेला होता. १८३७-३८ च्या दुष्काळानंतर सिग्रा येथे अनाथ मुलांचे वसतिस्थान उभे राहिले होते. मुलांना शिकवणे हा रोजचा भाग होता. जयनारायण घोषाल यांनी स्थापन केलेली आणि १८१८ मध्ये मिशनकडे सोपवलेली शाळा शहरात चालू होती. संध्याकाळच्या सुमारास प्रचारक बाजारात जाऊन उभा राही, शुभवर्तमानातील एखादा उतारा वाची आणि त्यावर बोले. लोक जमत, प्रश्न विचारीत, थट्टा करीत, कधी वादाला उभे राहत. थंडीच्या दिवसांत खेड्यांतून आणि जत्रांतून फिरती असे. रविवारी उपासना होई.

बाहेरून आलेल्या प्रचारकाला या क्रमात बोलीची अडचण येई, हवा सोसत नसे, एकटेपणा जाणवे. गोऱ्ह्यांची अडचण वेगळी होती. ज्या गल्लीत ते शास्त्री म्हणून ओळखले जात, तेथेच त्यांना उभे राहावे लागे. ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या घरी त्यांचे जाणेयेणे असलेले, काहींशी एका पंक्तीला जेवण झालेले. तिथीचा अनध्याय पाळणाऱ्या सहाध्यायांपुढे ते आता रविवार पाळणारे म्हणून उभे होते. प्रश्नकर्ता जो आक्षेप घेई, तो बहुधा त्यांनी स्वतःच पूर्वी संस्कृतात लिहून ठेवलेला असे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’चा कर्ता आता त्याच्याच पूर्वपक्षाच्या जागी उभा होता. स्वतःच्या जुन्या ग्रंथाला उत्तर देणे, हे त्यांच्या सेवेचे खरे स्वरूप म्हणावे लागेल.

त्याच दशकातील एका अगदी वेगळ्या प्रचारमोहिमेशी तुलना केली असता याचे महत्त्व स्पष्ट होते. अमेरिकेत १८३० मध्ये स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाचे काही प्रचारक १८५० नंतरच्या काही वर्षांत भारतात आले. त्यांपैकी ह्यू फिंडले हा तरुण स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईस उतरला व पुढे पुण्यात काम करू लागला. १८५५ मध्ये त्याने मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. या प्रचारकांच्या कष्टांना आणि निष्ठेला तोटा नव्हता. परंतु त्यांना मिळालेले थोडेसे अनुयायी बहुतांशी छावण्यांतील व शहरांतील युरोपीय होते. काही वर्षांतच ही मोहीम आटोपली. या पंथाचे तरुण प्रचारक आजही जगभर दोघादोघांच्या जोडीने फिरतात आणि सेवेच्या ठरावीक काळात आठवड्याचा कडक नेम पाळतात. पवित्र ग्रंथ स्वतः वाचावा, प्रार्थना करावी आणि अंतःकरणात मिळणाऱ्या साक्षीवर विसंबावे, असे ते श्रोत्याला सांगतात. काशीच्या शास्त्र्याचा पहिला प्रश्न याहून निराळा असे : हा ग्रंथ प्रमाण कशावरून? या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नाच्याच परिभाषेत देता आल्याशिवाय तेथे संवाद सुरू होत नसे. गोऱ्ह्यांना ती परिभाषा वेगळी शिकावी लागली नाही.

४

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत पंडित म्हणून गोऱ्हे इंग्लंडला गेले. ख्रिस्ती राष्ट्रात ख्रिस्ती आचरण दिसेल ही त्यांची अपेक्षा तेथे पुरी झाली नाही. ऑक्सफर्डला भेटलेल्या या पंडिताच्या निराशेचे वर्णन मॅक्स म्यूलर यांनी आपल्या आठवणींत केले आहे. लंडनच्या रस्त्यांवर दिसलेले जीवन आणि शुभवर्तमानात वाचलेले जीवन यांची संगती त्यांना लावता आली नाही. ग्रंथ आणि लोकाचार यांत विरोध आला तर ग्रंथ बलवान, हा मीमांसकांचा न्याय त्यांना परिचित होता. धर्म सोडण्याऐवजी त्यांनी तो अधिक कठोरपणे आचरायचे ठरवले.

भारतात परतल्यानंतरचे त्यांचे प्रमुख कार्य म्हणजे १८६० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ. सांख्य, न्याय, वैशेषिक इत्यादी दर्शनांचे परीक्षण करीत तो वेदान्तापर्यंत येतो आणि सर्वाधिक सामर्थ्य तेथे खर्च करतो. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानल्याने अद्वैताची अडचण सुटते की केवळ शब्दांआड जाते, हा त्यांचा मध्यवर्ती प्रश्न आहे. सर्व गुणांपासून आणि सर्व विषयांपासून मुक्त असलेल्या ब्रह्माला चैतन्य म्हणण्याला अर्थ काय उरतो, असे ते विचारतात. उत्तरे ख्रिस्ती आहेत. पण प्रश्नांची घडण नैयायिकाची आहे. द्वैती आचार्यांनी अद्वैतावर घेतलेल्या आक्षेपांशी परिचित असलेल्या वाचकाला यातील पुष्कळसा भाग घरचाच वाटेल. बनारसच्या महाविद्यालयाशी संबंध असलेले अमेरिकन संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यामुळे हा ग्रंथ युरोपीय अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

हिंदी गद्याच्या दृष्टीने या ग्रंथाचा काल विशेष अर्थपूर्ण आहे. ज्यांच्या नावाने आधुनिक हिंदीचे पहिले युग ओळखले जाते, ते भारतेंदु हरिश्चंद्र १८६० मध्ये काशीतच दहा वर्षांचे बालक होते. स्वामी दयानंदांनी १८६९ मध्ये काशीच्या पंडितांशी केलेला प्रसिद्ध शास्त्रार्थ संस्कृतात झाला. पुढे त्यांनी हिंदीचा अवलंब केला आणि ‘सत्यार्थप्रकाश’ १८७५ मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाला. संस्कृतातील वाद लोकभाषेत आणण्याचा हा मार्ग गोऱ्ह्यांनी त्यापूर्वी पंधरा वर्षे चोखाळला होता. दोघांचे सिद्धान्त परस्परविरुद्ध आहेत. तथापि प्रमाण, लक्षण, व्याप्ती ही परिभाषा खडी बोलीच्या वाक्यात बसवण्याचे कार्य दोघांनाही करावे लागले. एकाची मातृभाषा मराठी आणि दुसऱ्याची गुजराती होती, ही गोष्ट हिंदी गद्याच्या इतिहासकाराने नोंदवण्याजोगी आहे.

५

पुढील आयुष्यात गोऱ्ह्यांचा कल अँग्लिकन चर्चमधील प्राचीन परंपरेला मान देणाऱ्या पक्षाकडे झुकला. १८६८ मध्ये त्यांना डीकनपदाची आणि १८७० मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. नंतर काउली येथील सेंट जॉनच्या बंधुसंघात त्यांनी उमेदवार म्हणून प्रवेश केला; पण अखेरची व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. संन्याशासारखे साधे, परिग्रहशून्य जीवन ते जगत होते. तरी आपण त्या व्रतांस पात्र आहोत आणि आपल्या सर्व शंका फिटल्या आहेत, असे म्हणण्यास ते तयार नव्हते. चरित्रकार याला त्यांच्या स्वभावाची दुर्बलता म्हणतात. पण ज्या शिस्तीत ते वाढले, तिच्यात पूर्वपक्षाचे पूर्ण समाधान झाल्यावाचून सिद्धान्त उच्चारणे हा दोष मानला जातो. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाताना त्यांनी यज्ञोपवीत टाकले, नाव बदलले, पंचांग बदलले. ही शिस्त मात्र टाकली नाही. तिच्यामुळेच त्यांना श्रद्धा मिळाली आणि त्या श्रद्धेत निश्चिंतपणे विसावणे तिच्यामुळेच त्यांना अवघड गेले.

उत्तरायुष्यात इंदूर, पुणे आणि मुंबई या परिसरात वावरताना ते पुन्हा मराठीकडे वळले. ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्या अनुयायांशी त्यांचे वाद झाले. ब्राह्मसमाजीयांना इंग्रजीत लिहिलेल्या पत्राच्या शीर्षकात त्यांनी स्वतःचा उल्लेख ‘बनारसचा धर्मांतरित ब्राह्मण’ असा केला आहे; काशी सुटली तरी ओळख काशीचीच राहिली. शास्त्राध्ययन केलेल्या आणि श्रद्धेच्या शोधात असलेल्या पंडिता रमाबाईंना त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या प्रामाण्याविषयी मराठीत लिहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आपल्या निर्णयामागे गोऱ्ह्यांच्या लेखनाचा प्रभाव असल्याचे त्यांनी मान्य केले होते. वडिलांकडून आईला आणि आईकडून आपल्याला शास्त्रविद्या मिळालेल्या या विदुषीपुढे इतर प्रचारकांची आवाहने अपुरी पडली, तेथे एका शास्त्र्याचा युक्तिवाद पोहोचला. पुढे रमाबाईंनीही चर्चच्या अधिकाराविषयी आणि सिद्धान्तांविषयी स्वतंत्र प्रश्न उपस्थित केले, हे या परंपरेस धरूनच झाले.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत गोऱ्ह्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षाच्या आरंभी नारायण वामन टिळकांचा मुंबईतच बाप्तिस्मा झाला होता. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग व ओवी यांचे रूप दिले आणि मराठी वाचकाने तिला आपले म्हटले. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’तून कथात्मक गद्याचा मार्ग धरला होता. भक्ती आणि कथा यांना वाङ्मयाच्या इतिहासात सहज स्थान मिळते. वादग्रंथाला ते मिळत नाही, आणि तो चार भाषांत विखुरलेला असेल तर त्याचा कर्ताच दिसेनासा होतो.

गोऱ्ह्यांच्या लेखनाची भाषा प्रत्येक वेळी श्रोत्याने ठरवली : पंडितांसाठी संस्कृत, काशीच्या वाचकासाठी हिंदी, ब्राह्मसमाजीयांसाठी इंग्रजी, रमाबाईंसाठी मराठी. भाषा बदलली तरी प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत प्रथम मांडण्याची पद्धत बदलली नाही. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ आणि ‘षड्दर्शन दर्पण’ हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता एकाच मनाचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष वाचल्याचा प्रत्यय येतो. पहिला संस्कृतच्या आणि दुसरा हिंदीच्या अभ्यासकाकडे गेल्याने ते सहसा एकत्र वाचले जात नाहीत. पंधरा वर्षांच्या अंतराने, एकाच नगरातील अनुभवातून, एकाच मराठी घरातील माणसाने लिहिलेल्या या दोन ग्रंथांचे एकत्र वाचन हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकापुढील एक राहिलेले काम आहे.